मराठवाड्यातील उद्योगांची पुरवठा साखळी आणि संभाव्य अडथळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरवठा साखळीची पूर्वतयारी म्हणजे गुदामात जादा माल भरून ठेवणे का?

नाही. साठा हा तयारीचा एक भाग आहे आणि बहुतेक वेळा तो सर्वांत महागडा भाग असतो. आपले उत्पादन कोणत्या एका पुरवठादारावर, यंत्रावर, रस्त्यावर किंवा परवान्यावर अडून आहे हे आधी ओळखणे, आणि ते बंद पडल्यास काय करायचे याचा निर्णय घाईगर्दी नसताना घेऊन ठेवणे, ही खरी तयारी होय. ज्या कारखान्याला आपली अडण्याची ठिकाणे माहीत असतात, तो मोजक्या दोन-चार वस्तूंचा साठा ठेवूनही निभावतो. ज्याला ती माहीत नसतात, त्याचे गुदाम भरलेले असूनही नेमकी हवी ती वस्तू नसल्याने काम थांबते.

आमचा कारखाना लहान आहे. जगातील घडामोडींचा आमच्याशी काय संबंध?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतींत दुचाकी-चारचाकींचे सुटे भाग बनवणाऱ्या अनेक उद्योजकांचे ग्राहक पाच-दहा किलोमीटरच्या आतच असतात, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि ग्राहक शेजारी असला तरी त्याच्या वाहनाचा एखादा भाग समुद्रापलीकडून येत असतो. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या तुटवड्याने वाहन कंपन्यांनी उत्पादन घटवले, तेव्हा चिपशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रेस शॉप आणि मशीन शॉपची मागणीही खाली आली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली, आणि विद्युत वाहनांच्या मोटारींसाठी ते चुंबक वापरणाऱ्या भारतीय कंपन्यांची अडचण झाली.

आयात-निर्यात करणाऱ्यांना समुद्रमार्गाचा फटका थेट बसतो. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगातील एक प्रमुख व्यापारी मार्ग ठप्प झाला. तो अपघात होता आणि तो संपला. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर मात्र अनेक जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपचा मार्ग धरला. न्हावा-शेवा बंदरातून युरोपकडे निघालेल्या मालाला त्यामुळे सुमारे दोन आठवडे जास्त लागू लागले, भाडे वाढले आणि रिकाम्या कंटेनरची चणचण भासू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय मालांवरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा तर मार्ग मोकळा असूनही माल पाठवणे परवडेनासे झाले. म्हणून ग्राहकाला केवळ ‘पुढच्या महिन्याची मागणी किती’ असे न विचारता ‘तुमचा कोणता भाग सध्या अडचणीत आहे’ हेही विचारावे. खरेदी विभागातील मंडळी हे सहसा मोकळेपणाने सांगतात, कारण ती अडचण त्यांनाही पुढे ढकलता येत नसते.

सुरुवात नेमकी कोठून करावी?

एका वहीत किंवा संगणकावरील साध्या तक्त्यात प्रत्येक खरेदीची वस्तू लिहावी. तिच्यापुढे ती कोण देतो, त्याला ती कोण देतो, ती कोणत्या गावाहून येते, आपल्याकडे किती दिवसांची शिल्लक असते आणि हा पुरवठादार बंद पडला तर दुसऱ्याकडून पहिला स्वीकारार्ह माल यायला किती दिवस लागतील, हे नोंदवावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. शिल्लक सात दिवसांची आणि पर्याय उभा राहायला साठ दिवस, अशा ओळी लाल रंगाने खुणावल्या की तयारीची यादी आपोआप तयार होते.

येथे बहुतेक जण खरेदीच्या रकमेनुसार यादी लावतात आणि वरच्या दहा वस्तूंकडेच लक्ष देतात. महाग वस्तूंकडे लक्ष असतेच. त्यांचा पुरवठा अडला की मालकालाही त्याच दिवशी कळते. अडवते ती पाच-सहा रुपयांची रबर सील, ग्राहकाच्या नावाची छापील खोकी, विशिष्ट श्रेणीचे कटिंग ऑइल किंवा लेबलचा रोल.

‘त्याला ती कोण देतो’ हा रकानाही गाळू नये. समजा, एका प्रेस शॉपने प्लेटिंगसाठी, म्हणजे भागांवर धातूचा मुलामा चढवण्यासाठी, मुद्दाम दोन जॉबवर्कवाले (मजुरीवर बाहेरून काम करून देणारे) ठेवले आहेत आणि एक बंद पडला तर दुसरा आहे या समजुतीत मालक निश्चिंत आहे. प्रत्यक्षात ते दोघेही रसायने एकाच व्यापाऱ्याकडून घेतात आणि दोघांचेही सांडपाणी एकाच सामाईक प्रक्रिया केंद्रात जाते. ते केंद्र आठवडाभर बंद राहिले तर दोन्ही प्लेटिंगवाले एकाच दिवशी थांबतील. कागदावर दोन पुरवठादार आणि जमिनीवर एक, असा हा प्रकार औद्योगिक वसाहतींमध्ये फार आढळतो. तो फोनवर विचारून कळत नाही, जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये तासभर उभे राहिल्यावर कळतो.

दुसरा पुरवठादार ठेवला तर दर वाढतो. तो खर्च करावा का?

सर्व वस्तूंसाठी करू नये. वर सांगितलेल्या लाल ओळींसाठी करावा. सर्वसाधारण प्रथा अशी की नेहमीच्या पुरवठादाराकडे मोठा हिस्सा ठेवून दुसऱ्याला लहान पण नियमित हिस्सा द्यावा. वर्षातून एकदा नमुना मागवणे आणि दरपत्रक फाइलला लावणे म्हणजे पर्याय तयार असणे नव्हे, कारण टंचाईच्या काळात तो आपला माल आधी नियमित ग्राहकांनाच देणार.

वाहन उद्योगात आणखी एक अडसर असतो. सुट्या भागाचा पुरवठादार, प्रक्रिया किंवा जागा बदलली की ग्राहकाची नव्याने मंजुरी घ्यावी लागते. नमुने, मोजमापांचे अहवाल आणि चाचण्या यांत काही आठवड्यांपासून काही महिने जातात. ही मंजुरी धंदा सुरळीत असतानाच घेऊन ठेवावी. तसेच भाग घडवण्याचे साचे (डाय, मोल्ड) आणि मोजमापाची साधने (गेज) कोणाच्या मालकीची आहेत व ती कोणत्या स्थितीत परत मिळतील, हे लेखी असावे. डायचे पैसे आपण दिलेले असतात, पण ती पुरवठादाराच्या शेडमध्ये असते. शेडला कुलूप लागले की मालकीचा कागद नसलेल्या माणसाला बाहेरच उभे राहावे लागते.

सुरक्षित साठा किती ठेवावा, हे कसे काढायचे?

एक सोपी पद्धत लहान उद्योगांना पुरेशी ठरते. एका दिवसाचा जास्तीत जास्त वापर गुणिले माल यायला लागलेले जास्तीत जास्त दिवस, यातून सरासरी वापर गुणिले सरासरी दिवस वजा करायचे. समजा, एक सील रोज सरासरी ४०० आणि जास्तीत जास्त ५०० लागते, आणि माल यायला सरासरी १२ दिवस, पण कधी कधी २० दिवस लागतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० आणि ४०० गुणिले १२ म्हणजे ४,८००. फरक ५,२०० नगांचा, म्हणजे सरासरी वापराच्या १३ दिवसांचा. शिल्लक आणि वाटेतला माल मिळून १०,००० नगांपर्यंत खाली आला की नवी ऑर्डर द्यायची. सहा रुपये दराने हा सुरक्षित साठा ३१,२०० रुपयांचा होतो, आणि एवढ्या रकमेसाठी लाइन थांबण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

हेच गणित महागड्या मिश्रपोलादाला लावले तर आकडा लाखांत जाईल आणि तेथे पर्यायी पुरवठादार किंवा पुरवठादाराच्याच गुदामात राखून ठेवलेला माल हा मार्ग स्वस्त पडेल. या सूत्राची एक मर्यादा लक्षात ठेवावी: ते मागच्या अनुभवावर चालते. मार्च २०२० मधील टाळेबंदीसारखी घटना त्या २० दिवसांत बसलेली नसते.

डाळ मिल, तेल मिल, हळद प्रक्रिया अशा उद्योगांना हेच लागू होते का?

तत्त्व तेच, पण काळाचे गणित वेगळे आहे. लातूर आणि उदगीरच्या डाळ मिलला तुरीची मुख्य आवक वर्षाच्या सुरुवातीच्या काही महिन्यांत मिळते आणि गाळप मात्र वर्षभर चालवायचे असते. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. म्हणजे येथे मोठा साठा करणे हा धंद्याचाच भाग आहे. अडचण अशी की त्यावर सरकारी मर्यादा येऊ शकते. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तूर आणि उडदावर साठा मर्यादा लावली, तेव्हा मिलवाल्यांना आपला साठा सरकारी पोर्टलवर जाहीर करावा लागला. त्यामुळे केवळ साठ्यावर विसंबलेली योजना एका अधिसूचनेने कोलमडू शकते.

तुरीला आयातीचाही आधार असतो. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया आणि मलावी येथून तूर येते आणि आयात शुल्काच्या सवलतीची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत किंवा बदलत असते. ज्यांचे गाळप आयात तुरीवर चालते, त्यांनी त्या मुदतीच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. स्थानिक बाजूला शेतकरी उत्पादक कंपन्यांशी पेरणीपूर्वीच बोलणी करणे उपयोगी पडते, पण एकाच तालुक्यातील कंपन्यांशी करार केल्यास गारपीट किंवा अतिवृष्टीत सर्वच माल एकदम डागी होतो. दोन वेगळ्या नदीखोऱ्यांतून खरेदी ठेवावी. नोंदणीकृत वखारीतील मालावर मिळणारी इलेक्ट्रॉनिक वखार पावती बँकेकडे तारण ठेवता येत असल्याने साठ्यात अडकलेले भांडवल काही प्रमाणात मोकळे होते.

पाण्याच्या टंचाईची तयारी कशी करावी?

मराठवाड्यात हा प्रश्न वीज, रस्ते आणि कच्चा माल यांच्या आधी विचारला पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती जायकवाडीच्या पाण्यावर चालतात. टंचाई आली की पिण्याच्या पाण्याला प्राधान्य मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु याचा अर्थ कपातीच्या वेळी उद्योगाचा क्रम मागे असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठ्या कपातीचा आदेश दिला आणि इतर उद्योगांच्या पाण्यालाही कात्री लागली.

या टंचाईची चाहूल मात्र पुष्कळ आधी लागते, आणि भूकंप किंवा संप यांच्या बाबतीत ही सवलत मिळत नाही. १५ ऑक्टोबरचा जायकवाडीचा साठा पाहावा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार समन्यायी वाटपाचा विचार याच सुमारास होतो आणि साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतील कपातीचा अंदाज बांधायला सहा महिने मिळतात. तेवढ्या काळात सांडपाणी शुद्ध करून बॉयलर आणि कूलिंग टॉवरला फिरवणे, प्रत्येक विभागाला स्वतंत्र मीटर बसवणे आणि जास्त पाणी लागणारी उत्पादने फेब्रुवारीपर्यंत उरकून तयार मालाचा साठा करणे शक्य असते. टँकरवर भिस्त ठेवू नये, कारण कपातीच्या काळात सगळेच टँकर शोधत असतात आणि ते गावांकडे वळवले जातात.

ही तपासणी आपल्यापुरती ठेवून भागत नाही. रंगकाम, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट करणारे आपले जॉबवर्कवाले आपल्यापेक्षा जास्त पाणी वापरतात, आणि त्यांच्याकडे पुनर्वापराची सोय क्वचितच असते.

दुष्काळाची तयारी आहे, पण अतिवृष्टी आणि रस्ते बंद पडण्याचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर यांसह मराठवाड्याच्या मोठ्या भागात पूर आले, शेते खरवडून निघाली, पूल पाण्याखाली गेले आणि काढणीला आलेले सोयाबीन शेतातच सडले. एरवी टँकरची मोजणी करणाऱ्या जिल्ह्यांत बोटी आणाव्या लागल्या. गुदामातील माल जमिनीपासून निदान दोन फूट उंच रॅकवर ठेवणे, विद्युत पॅनेल उंचावर बसवणे आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे ही कामे स्वस्त आहेत. ती पावसाळ्यापूर्वी उरकावीत.

रस्त्यांबाबत आपल्या प्रत्येक मुख्य मार्गाला एक पर्याय ठरलेला असावा आणि त्याचे भाडे वाहतूकदाराशी आधीच बोललेले असावे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या औट्रम घाटात दरड कोसळून चाळीसगाव-धुळ्याकडील वाहतूक बंद पडली, तेव्हा वळशाचा खर्च कोणी सोसायचा यावर वाद घालण्यात अनेकांचे दिवस गेले. मुंबई आणि नागपूरच्या दिशेने ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला असल्याने सोय झाली आहे, परंतु रस्ता चांगला असूनही चालक नसतील तर गाडी हलत नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघातविषयक नव्या फौजदारी तरतुदीविरोधात चालकांनी काम थांबवले आणि पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या, हे सर्वांनी पाहिले आहे. दिवाळीपूर्वी आणि ऊस गाळप हंगामातही गाड्यांची टंचाई असते. ती दरवर्षीची असल्याने तिला आकस्मिक म्हणता येणार नाही.

एक तांत्रिक बाब: सामान्य मालाच्या ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. गाडी अडकल्यास मुदत संपण्यापूर्वीच्या आठ तासांपासून संपल्यानंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवता येते. ही जबाबदारी कोणाची, हे नाव घेऊन ठरवावे, नाहीतर रस्ता सुरू झाल्यावर गाडी तपासणीत अडकते.

कामगारांच्या अनुपस्थितीचा अंदाज आधी बांधता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. होळी आणि छठपूजेला उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार गावी जातात, तर सोयाबीन काढणीच्या वेळी जवळपासच्या गावांतील कामगार शेतावर जातात. त्या आठवड्यांचे उत्पादन आधी उरकून घ्यावे आणि प्रत्येक महत्त्वाचे यंत्र चालवू शकणारे निदान दोन जण तयार ठेवावेत.

पुरवठादारांच्या देयकांचा या तयारीशी काय संबंध?

आमच्या मते सर्वांत जवळचा संबंध हाच आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही येथेच होते. टंचाईत माल मोजकाच असतो आणि तो कोणाला द्यायचा हे पुरवठादार ठरवतो. ज्याचे पैसे वेळेवर येतात त्याची गाडी आधी भरली जाते. शिवाय उधारी थकल्यामुळे जॉबवर्कवाल्याचे वीजबिल थकते, त्याची जोडणी तुटते आणि आपलाच माल त्याच्या शेडमध्ये अडकतो. हा अडथळा आपण स्वतःच निर्माण केलेला असतो.

कायद्याचाही रेटा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाते त्याच वर्षी खर्च म्हणून वजावटीस पात्र ठरते. पुरवठादाराला लवकर पैसे हवे असतील आणि आपल्याकडे रोकड नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील ट्रेड्स मंचावर बिल वटवून घेण्याचा मार्ग आहे.

विमा असल्यावर एवढी धडपड कशाला?

विमा नुकसानीची रक्कम देतो, ग्राहक परत आणून देत नाही. त्यातही नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत इमारत, यंत्रे आणि माल यांचे नुकसान धरले जाते. काम बंद राहिल्याने बुडालेल्या नफ्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. पुरवठादाराच्या कारखान्यातील आगीमुळे आपले काम थांबले तर त्यासाठी त्या पॉलिसीतही वेगळी वाढीव तरतूद लागते. वाहतुकीच्या विम्यात निव्वळ उशिरामुळे झालेले नुकसान सामान्यतः वगळलेले असते. साठ्याची किंमत कमी दाखवू नये: ८० लाखांचा माल असताना विमा ४० लाखांचाच असेल, तर २० लाखांच्या नुकसानीवर निम्मीच भरपाई मिळू शकते.

अडथळा प्रत्यक्ष आला तर पहिल्या दिवशी काय करावे?

प्रथम हातातील शिल्लक आणि वाटेतील माल प्रत्यक्ष मोजावा. संगणकावरील आकड्यावर विसंबू नये. किती दिवस पुरेल हे कळल्यावर त्याच दिवशी ग्राहकाला लेखी कळवावे. उत्पादन थांबेपर्यंत गप्प बसण्याचा मोह होतो, पण आठ दिवस आधी कळलेली टंचाई ग्राहक आपल्या नियोजनात बसवून घेऊ शकतो आणि आदल्या रात्री कळलेली टंचाई दंडात रूपांतरित होते. कमी पडणारा माल कोणत्या ग्राहकाला आधी द्यायचा हा निर्णय मालकाने किंवा त्याने नेमलेल्या एकाच व्यक्तीने घ्यावा. तो क्रम आधीच लिहून ठेवलेला नसेल, तर जो जास्त वेळा फोन करतो त्यालाच माल जातो.

या तयारीचा आढावा किती वेळा घ्यावा?

वर्षातून दोनदा पुरेसे आहे: एकदा मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी आणि एकदा १५ ऑक्टोबरनंतर, धरणसाठा आणि खरिपाचे चित्र स्पष्ट झाल्यावर. लाल ओळींपैकी एक ओळ दरवेळी निवडून प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, म्हणजे नेहमीच्या पुरवठादाराला पूर्वसूचना देऊन एका खेपेपुरती खरेदी थांबवावी आणि ती खेप पर्यायी पुरवठादाराकडून मागवून लाइनवर चालवावी. त्या खेपेत माल नाकारला गेला, उशीर झाला किंवा दराचा वाद निघाला, तर ती त्रुटी वहीत नोंदवून तिच्यापुढे दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे.